मी खळीत मोरचूद घातला नव्हता

तुम्हाला मी जन्मात पत्र लिहिलं नाही. तशी वेळच आली नाही. तुम्ही धारला घरातच, आणि मी देवासला माहेरी गेले की चौथ्या दिवशी तुम्ही दारात उभे. माझी आई म्हणायची, "आज कणीक जास्त मळा, जावई आले. उद्या कमी मळा, मुलगी चालली." तेव्हा पत्र लिहायची ही माझी पहिलीच खेप, आणि तीही असल्या ठिकाणी की जिथे टपाल जात नाही.

कागद तुमचाच आहे. तुमच्या मापांच्या वहीत मागची पानं कोरी होती, तिथून लिहिते आहे. पुढच्या पानांवर तुम्ही आहात. "डावं दार, वर साडेअठरा, खाली सतरा, कोपरा गोल." ते वाचलं की तुम्ही कानावर पेन्सिल ठेवून समोर बसला आहात असं वाटतं, आणि मग मला पुढचं सुचत नाही.

म्हणून जे सांगायचं ते आधीच सांगून टाकते. शामरावांच्या मोटारीला आपण जी पॅनलं केली, त्यांच्या खळीत मी मोरचूद घातला नव्हता. नाथूसेठचा माल खोटा नव्हता. खोटी मी होते.

लिहिलं खरं.

बग्गीखाना बंद झाला ते दिवस मला आठवतात. संस्थान विलीन झालं, घोडे गेले, बग्ग्या कुणी कुणी विकत नेल्या. तुम्ही सासऱ्यांची अरी आणि सुया रुमालात बांधून घरी आलात. आपलं जिनगराचं घर, तीन पिढ्या खोगिरं आणि बग्ग्यांच्या गाद्या शिवलेलं. मी घाबरले होते. तुम्ही मात्र मोटारस्टँडजवळच्या गल्लीत दुकान थाटलंत, टांग्यांचे टप आणि बसच्या सीटा शिवायला घेतल्यात आणि म्हणालात, "आजवर घोड्याचं खोगीर शिवलं, आता माणसाचं शिवायचं. माणूस लाथ मारत नाही, एवढं बरं."

पण बसच्या सीटांत तुमचा जीव रमत नव्हता, हे मला दिसायचं. म्हणून देवासच्या शामरावांचा निरोप आला तेव्हा तुम्ही दोनदा दाढी केलीत. ती मोटार विलायतेहून तीन पेट्यांत सुटी सुटी आली होती, आणि शामरावांनी गफूर मिस्त्रींना घेऊन आपल्या हातांनी ती जोडली होती. दोनच माणसांची, बुटकी, अंगावर पातळ पत्रा. इंदूरच्या मित्रांशी त्यांची पैज होती, की मांडवचा घाट ही गाडी सगळ्यांच्या आधी चढेल. सगळं जमलं होतं. फक्त आतल्या बाजूला लावायची पॅनलं, दोन दारांची, दोन पायांजवळची, एक पाठीमागचं आणि एक पुढच्या घड्याळांखालचं, अशी सहा, बोटीवर खारं पाणी लागून फुगली होती. ती नवी करून बसवायची होती.

तुम्ही पहिली पॅनलं सागवानी फळीची केलीत. वर कातडं, आत घोड्याचे केस, कडेला दुहेरी टाका. महाराजांच्या बग्गीत शोभली असती. ती लावल्यावर मोटारीचं दार उघडलं आणि दोन बोटं खाली लोंबलं. शामराव रागावले नाहीत, हसले, आणि तेच तुम्हाला लागलं. "उस्ताद," ते म्हणाले, "मी अस्तर सांगितलं होतं, तुम्ही हत्तीची अंबारी आणलीत."

त्या दिवशी धारला परत आलात आणि जेवला नाहीत. मी दाराआड उभी होते. किती वेळ शब्द जुळवत होते.

"कागदाचं केलं तर?" मी म्हटलं.

"कागदाचं काय?"

"ते मोटारीचं. आपण लगद्याच्या टोपल्या करतो, तसं."

"वा! म्हणजे शामराव मोटारीत बसायचे आणि बाजूला शेवया वाळत घालायच्या!"

मी ताट झाकायला वळले. तुम्ही मात्र उठलात, फडताळावरून आत्याबाईंची शेवयांची टोपली काढलीत, हातावर तोललीत, आणि उपडी घालून सरळ तिच्यावर बसलात. आत्याबाई लेकावर ओरडल्या, "अरे, खायच्या वस्तूचं भांडं ते! बूड कुठे ठेवतोयस!" टोपली दबली नाही. तुम्ही तिच्यावर बसूनच माझ्याकडे बघितलंत. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण तसं बघितलेलं मला आठवत नाही.

मग आपण दोघं देवासला गेलो. आईकडे उतरलो. शामरावांच्या शेडमध्ये मी पदर ओढून तुमच्या मागे मागे. दोन्ही दारं सारखी नव्हती. पत्रा हातानं ठोकलेला, उजवं दार डाव्यापेक्षा अर्धं बोट लांब. तुम्ही फूटपट्टी लावून वैतागलात. मी हळूच म्हटलं, "चोळी बेतताना मापं घेत नाहीत, कापडच अंगाला लावतात." तुम्ही रद्दीचा कागद माझ्या हातात दिलात. मी तो दाराला टाचणीनं लावला, कडेनं नखानं दाबत नेला आणि कापला. सहाही पॅनलांचे कागद मी बेतले. गफूर मिस्त्री गाडीखालून बघत होते. ते म्हणाले, "उस्ताद, ये तो मोटर का ब्लाउज सिल रही हैं भाभी!" तुम्ही म्हणालात, "तुम नीचे देखो, मिस्त्री, नीचे. तेल गळतंय." मला इतकं हसू आलं, की मी तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसले.

खळ मात्र धारला केली, आपल्या चुलीवर. चिंचोके भिजवले, सोलले, वाटले. जुनी धोतरं आणि कागद, एक थर याचा, एक त्याचा, मध्ये खळ, असे सात थर द्यायचे आणि वर पाटा-वरवंटा, जातं, जे जड असेल ते ठेवायचं. वाळलं की दोन्ही बाजूंनी अळशीचं तेल, आणि मग पातळ रेक्झिन. तुम्ही नाथूसेठच्या दुकानातून मोरचुदाची पुडी आणलीत. निळे खडे. म्हणालात, "वह्या बांधणारे घालतात. नाहीतर कीड लागते, उंदीर खातात. खळ उतरवलीस की कुटून घाल. विष आहे, हात धू."

विष आहे, असं तुम्ही म्हणालात. कुसुम तेव्हा रांगत होती, आणि जे दिसेल ते तोंडात घालत होती. एवढी खळ मावेल असं पातेलं घरात एकच, डाळीचं. आमच्या देवासच्या गल्लीत एका पोरीनं मोरचूद चाटला होता, मी लहान असताना. ती वाचली, पण तिच्या ओकाऱ्यांचा आवाज मी विसरले नव्हते. पुडी हातात घेऊन मी चुलीपाशी बसले. तुम्हाला हाक मारून म्हणता आलं असतं, दुसरं पातेलं आणा, नाहीतर हे काम बाहेर अंगणात करू. इतकं सोपं होतं. पण तुम्ही बाहेर कागद मांडत होता, खुशीत शीळ घालत होता, आणि मला वाटलं, म्हणाल, आता हिची कुरकुर सुरू झाली. मी पुडी परसातल्या आडात टाकली. तो आड आटलेलाच होता.

तुम्ही आत आलात. पातेल्यात बघून म्हणालात, "निळी दिसत नाही गं?"

"चिंचोका तांबूस असतो," मी म्हटलं. "त्यात रंग बुडतो."

तुम्हाला मी आयुष्यात बोललेलं तेवढं एकच खोटं. बाकी सगळं मी फक्त बोलले नाही.

पॅनलं बसवली तो दिवस मला आधी पुन्हा एकदा आठवू दे, पुढचं मग. शामरावांनी सहाही ताणकाट्याला लावली. चार शेरांवर न्यायची नाहीत अशी अट होती, ती सव्वातीन शेर भरली. तुम्ही दारात गुडघे टेकून बसलात, मी पॅनल धरलं. आधी वरचा मधला स्क्रू, मग बाजूचे, खालचे शेवटी, आणि सगळे अर्धेच आवळायचे. पॅनल आपलं आपण बसलं की मग पुरते. "दाबू नकोस," तुम्ही म्हणत होता, "नुसता हात ठेव. त्याला कळू दे कुठे बसायचं ते." शेवटचा स्क्रू आवळून तुम्ही दार लावलंत. खट्. एकदाच, बारीक. शामरावांनी ते पुन्हा उघडून लावून बघितलं. म्हणाले, "उस्ताद, हे कुठे शिकलात?"

तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. परक्या माणसांसमोर. "आमच्या घरातली खळ आहे ही," तुम्ही म्हणालात. "डोकं हिचं, हात माझे."

त्या एका वाक्यानं मी गप्प झाले हो. आधी सांगायला भीत होते, नंतर सांगवेना. त्या वाक्याला डाग लागला असता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. शामराव पैज जिंकले. आणि तिसऱ्या महिन्यात त्यांचं कार्ड आलं: "उस्ताद, आपल्या डाव्या दाराला उंदरांनी खिडकी पाडली आहे. पाठीमागे दरवाजाही झाला." शेडशेजारच्या खोलीत त्यांची गव्हाची पोती असायची. तुम्ही देवासला जाऊन सगळी काढून पातळ प्लायची लावून दिलीत, आणि त्यांना एवढंच म्हणालात, की हात माझा, चूक माझी. पण मोटारस्टँडवर बातमी तुमच्या आधी पोचली होती. ड्रायव्हर लोक दुकानावरून जाताना म्याव म्याव करायचे. शामरावांच्या ओळखीनं इंदूरची दोन कामं यायची होती, ती आली नाहीत.

ते म्याव तुम्ही सोसलंत. मात्र हाटाच्या दिवशी तुम्ही नाथूसेठच्या दुकानासमोर उभे राहिलात. मी कुसुमला घेऊन भाजी घेत होते, म्हणून मी ते ऐकलं. सगळ्या बाजारानं ऐकलं.

"मोरचूद म्हणून खडूला रंग लावून विकतोस काय रे, नाथ्या?"

"उस्ताद, आवाज नीचे." नाथूसेठनी तराजू खाली ठेवला. "तोल में कम बोलो, सुन लूँगा. मिलावट मत बोलो. म्हारा बाप की दुकान हे, भिया."

"मिलावट! शंभर वेळा मिलावट!"

पंधरा वर्षं रोज संध्याकाळी त्याच दुकानाच्या फळीवर तुम्ही दोघं चौसर खेळत होता. कुसुम झाली तेव्हा माझ्या डिंकाच्या लाडवांचा डिंक त्यांनी निवडून दिला होता. मी दहा पावलांवर उभी होते. दहा पावलं चालून "अहो" म्हणायचं होतं. मी भाजीवालीला म्हटलं, "दोडकी दे."

त्यानंतर तुम्ही त्या रस्त्यानं गेला नाहीत. हळदसुद्धा दुसरीकडून आणायचात, आणि ती पिवळी नाही म्हणून माझ्यावर चिडायचात. नाथूसेठच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, त्यांनी स्वतः पाठवली होती. मी म्हटलं, जाऊन या. तुम्ही म्हणालात, "खोट्याच्या घरी लाडू खायला मी जाणार नाही." मी म्हटलं, कशावरून खोटा? तुम्ही म्हणालात, "मग मोरचूद घालूनही उंदरांनी खाल्लं कसं? सांग!" तुम्ही खरंच विचारत होता. माझ्या तोंडाकडे बघत होता. मी ताट उचलून आत गेले. ते भांडण तसंच राहिलं. तुम्ही जिंकलात असं तुम्हाला वाटलं असेल.

एकदा सांगणार होते. धरमपुरीला नर्मदेच्या स्नानाला गेलो होतो, परतताना नावेत. तुम्ही पाण्यात हात सोडून बसला होता, मन थंड दिसत होतं. मी म्हटलं, "एक सांगायचंय." तुम्ही म्हणालात, "बोल की." नावाड्यानं वल्हं थांबवून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "कुसुमला भूक लागली आहे." तुम्ही पिशवीतून दशमी काढून तिला दिलीत. तिला भूक नव्हती. तरी तिनं खाल्ली, बिचारीनं.

तुम्ही गेलात त्या सकाळी आत्याबाईंनी शेजारच्या काकांना सामान आणायला दुसऱ्या दुकानी पाठवलं. तुमचं वैर त्यांनी पाळलं. पण काका परत यायच्या आधी नाथूसेठ स्वतः आले. आत आले नाहीत. उंबऱ्यावर काळ्या तिळांची पुडी ठेवली आणि रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले, तुम्हाला नेईपर्यंत. ती पुडी मीच उघडली. पसाभर तीळ, आणि त्यात एक खडा नाही, एक काडी नाही. पाखडून असे होत नाहीत. एकेक हातानं निवडलेले होते.

ज्याला तुम्ही भेसळवाला म्हणालात, त्यानं तुमच्यासाठी तीळ निवडले होते. मला रडू तेव्हा आलं. लोकांना वाटलं तुमच्यासाठी. दोघांसाठी होतं.

तुमचे तेरा दिवस झाले. पाहुणे गेले. मी मनाशी म्हटलं, दुपारी बाजार झोपलेला असतो तेव्हा जावं, हळूच सांगावं, यावं. पदर घेऊन उठलेसुद्धा. आणि दारातच बसले. तुम्ही भर हाटात बोलला होता. मी कानात सांगून ते कसं फिटणार?

म्हणून परवा, हाटाच्या दिवशी, मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अजून सव्वा महिना नाही झाला. बाजारात उभी राहशील? लोक काय म्हणतील?" मग बराच वेळ त्या वाती वळत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यानं शेवटपर्यंत त्याला खोटाच म्हटलं ना?" मी म्हटलं, हो. "पदर नीट घे," त्या म्हणाल्या. "कुसुमला माझ्याजवळ ठेव."

गर्दी होती. अमझेऱ्याकडच्या बायका सौदा घेत होत्या. नाथूसेठनी मला बघितलं आणि उठून उभे राहिले. "आवो भाभी. कई चइये? घर पोचा दूँगा, आप क्यों आईं?"

माझा आवाज किरटा निघाला. मी म्हटलं, "नीलाथोथा असली था. मैंने डाला नहीं था. पुडी फेक दी थी. सेठजी ने मिलावट नहीं की." माझी हिंदी तुम्हाला माहीतच आहे. पण समजलं त्यांना. तराजूचं पारडं त्यांच्या हातात हलत राहिलं.

मागून एक बाई म्हणाली, "कूण की वात कर री हे?"

कुणाबद्दल, हे मलाच सांगायचं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. उस्ताद म्हणावं, तर बाजारात उस्ताद दहा. कुसुमचे वडील म्हणावं, तर कुसुम कोण हे त्यांना काय ठाऊक? मग मी तुमचं नाव घेतलं. उखाणा नाही, काही नाही. "सखाराम जिनगर," मी म्हटलं. "उन्होंने बाजार में झूठा इल्जाम लगाया था. उनको मालूम नहीं था. गलती मेरी थी." दोनदा म्हटलं, मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून.

नाथूसेठ खाली बसले. गर्दीला म्हणाले, "सुन लिया? अब सौदा बोलो, सौदा." मग माझ्याकडे न बघता, हळू, "उस्ताद को बताया था कभी?"

"नहीं."

"बताना उनको था, भाभी." त्यांनी पारडं खाली ठेवलं. "मैं तो उनसे लड़ने को बैठा था इतने साल. सोचता था, एक दिन आएगा, फिर लड़ेंगे, फिर खेलेंगे. अब किससे लड़ूँ?"

मला काय सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, "मेरे से लड़ लो."

ते हसले नाहीत. रागावलेही नाहीत. बराच वेळ डोळ्यांवर पंचा धरून बसले, आणि गिऱ्हाइकं थांबून राहिली. मग एवढंच म्हणाले, "लड़ूँगा. आज नहीं."

मी घरी आले आणि ही वही काढली. त्यांनी म्हटलं ते बरोबर होतं, सांगायचं तुम्हाला होतं. बाजाराला सांगितलं, त्यांना सांगितलं, आता तुम्हालाही सांगून झालं. त्यांचा राग मला मिळेल, आज नाही तर उद्या. तुमचा कसा असता? ओरडला असता, की त्या टोपलीवर बसून बघितलंत तसे बघत राहिला असता? मी सगळं तुमच्याच भीतीनं लपवलं, आणि तुम्ही माझ्यावर कधी धड रागावलातसुद्धा नाहीत, की आता मला अंदाज तरी बांधता यावा.